आठ स्क्रू आणि एक बटण: स्टीम डेक दोन वर्षं वापरून

पहिल्यांदा स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा माझा गेमचा संगणक, उघडला तेव्हा मी मेमरी कार्ड काढायला विसरलो. मागचे आठही स्क्रू निघाले, झाकण वरच्या कडेने सुटत आलं आणि खालून 'कट्' असा बारीक आवाज झाला. वाटलं, एखादी क्लिप गेली. क्लिपा शाबूत होत्या; खाचेतलं मायक्रोएसडी कार्ड मात्र मधोमध मोडलं होतं. कार्डाचं एक टोक आतल्या सर्किटच्या खाचेत आणि दुसरं झाकणाच्या फटीत असतं. झाकण उचललं की सगळा ताण कार्डावर येतो. २५६ जीबीचं कार्ड होतं, त्यावर सहा गेम होते. गेम पुन्हा डाउनलोड झाले, खेळातली माझी प्रगती स्टीमच्या क्लाउडवर होती, त्यामुळे नुकसान कार्डापुरतंच राहिलं. तरीही ज्यांच्याकडे डेक आहे त्यांना कळकळीने सांगतो: स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कार्ड बाहेर काढून ठेवा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडचा निदेशक आहे. वस्तू उघडणं, मोजणं, पुन्हा जोडणं हे माझं रोजचं काम आहे आणि नवीन यंत्रं घेऊन बघणं हा जुना छंद. घरात एक मुलगी सहावीत, बायको नोकरी करणारी, गावाकडे आई आणि आबा. सलग तीन तास खेळायला मिळतील असे दिवस वर्षातून दोन-चारच येतात. हे आधीच सांगतो, कारण मला डेक आवडला तो याच आयुष्यात वापरून. ज्याला स्वतःची खोली, मोठा टीव्ही आणि मोकळे रविवार आहेत त्याने माझं मत थोडं बाजूला ठेवून वाचावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीम हे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं गेमचं दुकान, २००३ पासूनचं. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा एक संगणक काढला, तो हा डेक. दिसायला गेम कन्सोल, आत मात्र पूर्ण संगणक: एएमडीचा चार कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, सात इंची १२८० बाय ८०० चा पडदा, वजन ६६९ ग्रॅम. विंडोज नाही, लिनक्स आहे. विंडोजसाठी लिहिलेले गेम 'प्रोटॉन' नावाच्या थरातून लिनक्सवर चालवले जातात. हा थर २०१८ साली आला आणि ज्या 'वाइन' प्रकल्पावर तो उभा आहे त्याची सुरुवात १९९३ ची. तीस वर्षं माणसं एकेक फंक्शन लिहीत राहिली, म्हणून आज मी बटण दाबतो आणि गेम चालतो.

मी घेतला २०२३ मध्ये, सगळ्यात स्वस्त ६४ जीबीचा. भारतात कंपनी तो विकत नव्हती, त्यामुळे पुण्यातल्या एका आयात करणाऱ्या दुकानातून ४१ हजारांना आणला. अमेरिकेतली किंमत ३९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे साधारण ३३ हजार. वरचे आठ हजार वाहतुकीचे, कराचे आणि दुकानदाराचे. वॉरंटी दुकानाची, सहा महिने. दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, "सर, आत काही झालं तर आमच्याकडे पार्ट नसतात." बायकोने तिथेच विचारलं, "मग बिघडल्यावर कुणाकडे न्यायचा?" मी म्हणालो, मी उघडीन.

ते मी आत्मविश्वासाने बोललो त्यामागे कारण होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये, डेक बाजारात यायच्या आधीच, कंपनीने तो उघडून दाखवणारा व्हिडिओ काढला होता. त्यात सल्ला असा की शक्यतो उघडू नका, पण वस्तू तुमची आहे, उघडायचा हक्क तुमचा आहे. आणि मग शांतपणे अंगठ्याने फिरवायच्या काड्या (जॉयस्टिक) कशा काढायच्या, एसएसडी, म्हणजे आतली साठवण, कुठे असते ते सगळं दाखवलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कवचाची कॅड ड्रॉइंग्ज (संगणकावरची मापांची चित्रं) कुणालाही वापरता येतील अशी मोफत ठेवली. पुढे दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या आयफिक्सिटतर्फे सुटे भागही विक्रीला आले. ज्या तालुक्यात सर्व्हिस सेंटर नाही तिथल्या माणसाने महागडी वस्तू घ्यायची तर हीच एक हमी चालते: आत काय आहे ते मला दिसलं पाहिजे आणि तिथपर्यंत माझा हात पोचला पाहिजे. वॉरंटीच्या कागदापेक्षा मी त्या व्हिडिओवर विश्वास ठेवून पैसे दिले.

६४ जीबीचा डेक घेतला तोच मुळी आतली साठवण बदलायची म्हणून. तिथे २२३० मापाची एम डॉट टू एसएसडी बसते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पट्टीपेक्षाही छोटी. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळते ती २२८०, ती बसत नाही. १ टीबीची २२३० साडेनऊ हजारांना मागवली. कृती अशी: आधी कार्ड काढायचं (मी विसरलो ते हेच). मग बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बॅटरी 'स्टोरेज मोड'मध्ये टाकायची, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी यंत्र जागं होत नाही. मागे चार लांब आणि चार आखूड स्क्रू. कुठला कुठे होता ते कागदावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवायचे. झाकण वरच्या बाजूने, ट्रिगरच्या जवळून उचकायला सुरुवात करायची. आत धातूची पातळ ढाल, तिचे तीन स्क्रू, त्यातला एक चकचकीत फॉइलच्या पट्टीखाली लपलेला. ढाल निघाली की पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. मग साठवणीच्या पट्टीचा एकच स्क्रू. जुन्या पट्टीवर एक चांदीच्या रंगाची टोपडीसारखी पिशवी असते, ती न विसरता नव्या एसएसडीला घालायची. रेडिओच्या लहरींपासून बचाव म्हणून ती दिलेली आहे. नंतर पेन ड्राइव्हवरून स्टीम ओएस (डेकची लिनक्स) पुन्हा टाकायची. मोडलेल्या कार्डाची हळहळ धरूनही मला पाऊण तास लागला.

एक गोष्ट मात्र जपा. या पहिल्या मॉडेलचे मागचे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये बसतात. चारदा उघडला आणि दरवेळी जोर लावून आवळला तर आटे जातात. दोन बोटांत ड्रायव्हर धरायचा, स्क्रू आधी थोडा उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक्' असा बसला की मगच सुलटा. हे मी मुलांना रेडिओच्या कॅबिनेटवर शिकवतो, तेच इथे.

मुलांना म्हणजे माझ्या प्रशिक्षणार्थींना. डेक वर्कशॉपमध्ये न्यायचं ठरवलं तेव्हा थोडी धाकधूक होती, पण माझ्या आठवणीत त्या बॅचचे सगळ्यात चांगले दोन तास तेच गेले. मोबाइल दुरुस्ती शिकताना ही पोरं हीट गन लावून, काच फुटेल का या भीतीने, डिंकाने चिकटवलेली पाठ सोडवतात. इथे आठ स्क्रू काढले की सगळं समोर: पंखा, तांब्याची उष्णता वाहणारी नळी, दोन्ही बाजूंना काड्यांची छोटी सुटी सर्किटं, मधे खाली बॅटरी. एकाने विचारलं, "सर, हे दोन तुकडे वेगळे का केलेत? एकाच पाटीवर नसतं भागलं?" याचं उत्तर शोधायला मी त्यालाच सांगितलं. पाच मिनिटांनी तोच म्हणाला, काडी झिजणार, मग तेवढीच बदलता यावी म्हणून. डिझाइन वाचायला शिकणं ते हेच.

माझ्या मूळच्या काड्या ठणठणीत होत्या. तरी मी त्या बदलल्या, कारण हॉल इफेक्ट आमच्या विषयात आहे आणि फळ्यावर चुंबकाचं चित्र काढून तो डोक्यात उतरत नाही. मूळ काडीत घासणारी पोटेन्शिओमीटर पट्टी असते. हॉल इफेक्टच्या काडीत चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र ओळखतो, काहीही काहीला घासत नाही. दोन्ही शेजारी ठेवून मल्टिमीटर लावला की फरक कळतो. काडीला तीन स्क्रू आणि एक रिबन केबल, बाकी काही नाही. बसवल्यावर डेकच्या डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन टर्मिनलमधून एक आज्ञा देऊन काडीचं कॅलिब्रेशन करायचं. मागवताना एवढं बघा की डेकच्या काड्यांचे दोन प्रकार आहेत, आपला कुठला ते उघडून खात्री करूनच मागवा. सुतारकाम ट्रेडच्या सहकाऱ्यांनी त्या मोफत ड्रॉइंगवरून मापं घेऊन सागाच्या उरलेल्या तुकड्यांचा एक स्टँड करून दिला. विकतच्या कुठल्याही स्टँडपेक्षा तो घट्ट आहे आणि घरी टेबलावर अजून तोच आहे.

वर्कशॉपमधला दुसरा तास वॉटचा. डेकच्या उजव्या बाजूला तीन ठिपक्यांचं बटण आहे. ते दाबलं की बाजूला पट्टी उघडते आणि यंत्र या क्षणी किती वॉट खातंय ते पडद्यावर दिसतं. बॅटरी ४० वॉट-अवरची. साधा द्विमितीय गेम, पडद्याचा उजेड कमी, प्रोसेसरला मर्यादा घातलेली: ८ वॉट. चाळीस भागिले आठ, पाच तास. मोठा त्रिमितीय गेम सगळं मोकळं सोडून: २२ वॉटच्या आसपास, म्हणजे दोन तासही नाहीत. जी पोरं शक्ती आणि ऊर्जा यांत हमखास गोंधळतात त्यांनी फळ्यावर न लिहिता उत्तरं दिली. चार्जर ४५ वॉटचा, यूएसबी मीटर लावला की १५ व्होल्ट आणि चार्जिंग जोरात असताना ३ अँपिअरच्या जवळ. फोनचा लहान चार्जर लावला तर चार्जिंग सावकाश होईल असं यंत्र स्वतःच सांगतं.

त्याच पट्टीत मला सगळ्यात उपयोगी वाटलेली सेटिंग आहे, ती ४० ची. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद. ३० चित्रं म्हणजे ३३.३. लोकांना वाटतं या दोघांच्या मधे ४५ येतं. वेळेच्या हिशोबात मध्य येतो ४० वर, कारण तिथे एका चित्राला बरोबर २५ मिलिसेकंद. पडदा ४० हर्ट्झवर आणला आणि गेमही ४० वर बांधला की डोळ्याला तो ३० पेक्षा स्पष्टपणे सुरळीत वाटतो आणि बॅटरी ६० च्या मानाने पुष्कळ वाचते. मी जवळजवळ सगळे त्रिमितीय गेम याच आकड्यावर खेळतो.

आता त्या दुसऱ्या बटणाकडे येतो, पॉवरच्या. ते एकदा दाबलं की गेम आहे तिथे थांबतो आणि यंत्र झोपतं. पुन्हा दाबलं की काही सेकंदांत त्याच ठिकाणी, त्याच उडीच्या मधे, जागं होतं. कागदावर ही बारीकशी सोय वाटते. माझं खेळणं मात्र तिच्यामुळेच परत सुरू झालं.

गावाकडे आमचं दीड एकर बागायत आहे, खटाव तालुक्यात. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हिवाळ्यात कांद्याला आणि गव्हाला पाणी असलं आणि पाळी रात्रीची आली की शनिवारी मी आबांच्या बरोबर दारं धरायला जातो. एक वाफा भरायला पंधरा-एक मिनिटं. तो भरला की उठायचं, खोऱ्याने दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, परत येऊन बांधावर बसायचं. अशा रात्री मी स्टारड्यू व्हॅली खेळायला सुरुवात केली. आजोबांनी ठेवलेल्या शेतावर शहरातला नातू राहायला येतो आणि पंधरा बियांपासून शेती सुरू करतो, असा तो गेम. त्यातला एक दिवस घड्याळाच्या चौदा मिनिटांचा. गेममधला दिवस आणि आमचा वाफा जवळजवळ एकदमच भरतात. पण तो गेम नोंद ठेवतो ती फक्त दिवस संपवून झोपल्यावर. मधेच बंद केला तर तो दिवस वाया. आबांनी हाक मारली की मी बटण दाबतो, डेक मफलरमध्ये गुंडाळून पेटीवर ठेवतो, दारं मोडून येतो, चिखलाचे हात गव्हाच्या पानांवर आणि मग टॉवेलला पुसतो, पुन्हा बटण. पाण्याची झारी जिथे हातात होती तिथेच असते.

आबांनी दोन रात्री नुसतं बघितलं. तिसऱ्या रात्री शेजारी बसले. "ह्ये काय, रोज उठून झारीनं पाणी घालतूयस?" म्हणालो, सुरुवातीला असंच असतं. "आन् ठिबक?" ठिबक नाही, पण शेतीत हात बसला की फवारे मिळतात, पहिला साधा फवारा शेताच्या चार चौकोनांना पाणी देतो, पुढचा आठ चौकोनांना. "मग त्येच आधी कर. पीक वाढवत बसू नगं." त्यांचं ऐकलं. वसंत संपायच्या आत लोखंड आणि तांबं गोळा करून फवारे बसवले आणि खरंच पुढचं सगळं सोपं झालं. अठ्ठावीस दिवसांचा हंगाम संपला की उभं पीक जागेवर वाळतं, ते त्यांना पटलं. त्यातल्या पार्सनिप या पांढऱ्या कंदाला ते मुळा म्हणतात. हल्ली फोनवर तब्येत, पाऊस, बाजारभाव झाला की विचारतात, "तुझ्या त्या मळ्यात काय लावलंयस?" माझ्या वडिलांनी माझ्या एखाद्या यंत्राबद्दल स्वतःहून विचारावं हे या आधी कधी झालं नव्हतं.

एसटीत मात्र जपून. घाटात वळणं सुरू झाली की पडद्यावरून नजर काढावी लागते, नाहीतर डोकं गरगरतं. स्वारगेटला पोचेपर्यंत साडेसहाशे ग्रॅम मनगटाला जाणवतात, मांडीवर बॅग घेऊन तिच्यावर टेकवला तर बरं. पंख्याची हवा वरच्या कडेने बाहेर पडते, तिथे हात किंवा शाल येऊ देऊ नका.

आता काय चालत नाही ते. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, यावर व्हॅलोरंट चालतो का?" नाही. त्याची फसवणूक रोखणारी प्रणाली विंडोजच्या अगदी गाभ्यात बसते आणि लिनक्सवर तिला जागाच नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने लिनक्सचा दरवाजा बंद केला. मित्रांच्या टोळीबरोबर ऑनलाइन नेमबाजी खेळणं हाच ज्याचा मुख्य खेळ आहे त्याने डेक घेऊ नये, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला पैसे खर्च व्हायच्या आधी सांगतो. एकट्याने खेळायचे गेम मात्र इतके चालतात की यादीला अर्थ नाही. दुकानात प्रत्येक गेमपुढे डेकसाठी खूण असते, हिरवी म्हणजे निर्धास्त घ्या, पिवळी म्हणजे चालतो पण कुठेतरी अक्षरं बारीक असतील किंवा कीबोर्ड लागेल. चाळिशीच्या डोळ्यांनी पिवळ्या खुणेचा अर्थ नीट समजून घ्यावा. बारीक अक्षरांसाठी स्टीमचं बटण धरून एल १ दाबलं की भिंग उघडतं, ते फार कामाला येतं.

एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचो. त्याची २०१९ ची नवी आवृत्ती डेकवर टाकली ती थोडी साशंक मनानेच, कारण हा गेम माउसचा. पण काड्यांच्या खाली दोन चौकोनी ट्रॅकपॅड आहेत, बोट फिरवलं की बारीक थरथर देऊन आपण किती सरकलो ते सांगतात. आठवडाभरात अंगठा बसला. मागच्या बाजूला चार जादा बटणं आहेत, त्यांवर मी शेतकरी निवडणं आणि टाउन सेंटरवर जाणं बांधून ठेवलं. इतर हातातल्या यंत्रांत मी हे ट्रॅकपॅड शोधत राहतो आणि ते नसले की यंत्र अर्धवट वाटतं.

मुलीसाठी राजी घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला हा गेम. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. पहिल्या पंधरा मिनिटांतच मुलगी म्हणाली, "बाबा, ही भिंत आपल्याकडच्यासारखी आहे." नक्षीदार खांब, जाळ्यांच्या खिडक्या, भिंतीवरची चित्रं आणि त्यांजवळ गेलं की सांगितली जाणारी गोष्ट. चक्राच्या कड्या फिरवून चित्र पुरं करायची कोडी असतात, ती सगळी तिने सोडवली. लढाई अवघड झाली की डेक माझ्याकडे, संपली की परत तिच्याकडे. बोलणं आम्ही इंग्रजीतच ठेवलं होतं, म्हणून तिला अधूनमधून अर्थ सांगावा लागला. काही ठिकाणी लढाईत कॅमेरा लांब जातो आणि सात इंचावर राजी मुंगीएवढी दिसते. गेम छोटा आहे, आम्ही गणपतीच्या सुट्टीत संपवला. हे पुण्यात बसून कुणीतरी बनवलंय हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने विचारलं, तिथे काम करायला काय शिकावं लागतं. मी तिला माहीत होतं तेवढं सांगितलं: चित्रकला, गणित, प्रोग्रॅमिंग, संगीत, यांतलं काहीही एक मन लावून. अशी संभाषणं विकत घेता येत नाहीत आणि मला ती या निमित्ताने मिळाली.

टीव्हीला जोडायला साधा यूएसबी-सी हब आणि एचडीएमआय पुरे, महागडा डॉक घ्यायची गरज नाही. स्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हे मला खरोखर खटकतं. पण डेस्कटॉपमध्ये गेलं की तो पूर्ण लिनक्स संगणक आहे. कीबोर्ड लावून, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडून मी त्यावर प्रश्नपत्रिका टाइप केल्या आहेत. हा मजकूरही त्याच सागाच्या स्टँडवर ठेवून लिहिला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड पडद्याचा डेक आला. पडदा ७.४ इंची, ९० हर्ट्झ, बॅटरी ५० वॉट-अवर, वजन ६४० ग्रॅम. मित्राचा मी आठवडाभर वापरला. काळा रंग खरोखर काळा दिसतो, आणि माझ्या चाळीसच्या जागी पन्नास भागिले आठ करा, सव्वासहा तास येतात. ताकद जवळजवळ तीच आहे, त्यामुळे जुन्यावर जो गेम अडखळतो तो नव्यावरही अडखळेल. मला त्याहून आवडलं ते हे की मागचे स्क्रू आता टॉर्क्सचे (सहा टोकांच्या खाचेचे) आहेत आणि धातूच्या आट्यांत बसतात. कुणीतरी खूपदा उघडणार हे गृहीत धरून केलेला तो बदल आहे. आज पहिल्यांदा घेणार असाल आणि परवडत असेल तर ओलेडच घ्या. जुन्या पडद्याचा स्वस्तात मिळत असेल तर तोही घ्या, एसएसडी स्वतः बदला, पण दुकानातच चार गोष्टी तपासा: दोन्ही काड्या सोडल्यावर मधोमध येतात का, ट्रॅकपॅड थरथरतात का, पंखा खरखरतो का आणि मागच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का. शेवटचं महत्त्वाचं, कारण आधी कुणी उघडलाय का आणि कसा, ते त्यावरून कळतं. जीएसटीचं बिल घ्या.

माझा मी बदलणार नाही. बॅटरीची क्षमता तपासली तेव्हा ९१ टक्के दाखवत होती. ती ८० च्या खाली आली की बदलायची, आणि तिथे मात्र काम अवघड आहे: या मॉडेलमध्ये बॅटरी भरपूर डिंकाने घट्ट चिकटवलेली आहे, तापवून, प्लॅस्टिकची पट्टी सरकवत, सेल न वाकवता काढावी लागते. एवढ्या उघड्या डिझाइनमध्ये हा एक कोपरा बंद ठेवला, तो उघडा ठेवायला हवा होता. नवी बॅटरी आत्ताच आणून ठेवत नाही, पडून राहिली तरी ती म्हातारी होते. पुढच्या वर्षीची बॅच लिथियम सेल हाताळायला शिकली की वाळूची बादली शेजारी ठेवून हे काम आम्ही वर्कशॉपमध्येच करणार आहोत. कार्ड आधी काढायचं, हे मी फळ्यावर पहिल्या ओळीत लिहिणार आहे.